जांपी डेझर्ट वीव्हर्सच्या टोपल्या आणि गवती शिल्पं: घेण्याआधी काय तपासायचं

टोपली हातात आली की आधी उलटी करा आणि बूड बघा. जांपी डेझर्ट वीव्हर्स या ऑस्ट्रेलियन वाळवंटातल्या आदिवासी विणकर बायकांच्या उपक्रमाच्या कामाबद्दल एकच सल्ला द्यायचा झाला तर तो हाच. काठ बहुतेक टोपल्यांचा देखणाच असतो, कारण तिथवर येईतो हात बसलेला असतो. बुडाचे पहिले चार-पाच फेर मात्र काही लपवत नाहीत.

हे काम मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमधल्या त्यांच्या गॅलरीत आणि ऑनलाइन दुकानात मिळतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो: गवती शिल्पांना पाचपैकी पाच, टोपल्यांना चार. टोपल्या वाईट आहेत म्हणून एक गुण कापलेला नाही. शेकडो हातांनी केलेल्या कामात एकसारखेपणा नसतोच, म्हणून टोपली नुसत्या नावावर घेता येत नाही, निवडून घ्यावी लागते. शिल्पाच्या बाबतीत हाच वेगळेपणा त्याचं बळ ठरतो.

ऑनलाइन शोधताना एक लक्षात ठेवा. उच्चार 'जांपी'च्या जवळचा असला तरी इंग्रजी स्पेलिंग 'टीजे'ने सुरू होतं. 'जे'ने शोधलंत तर भलतंच काहीतरी समोर येईल. जांपी म्हणजे गवत.

कोण विणतं

वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात, तिथला सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटरचा वाळवंटी मुलूख म्हणजे एनपीवाय प्रदेश. ङान्याजारा, पिजान्जाजारा आणि यान्कुन्जाजारा या तीन भाषकसमूहांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. इथल्या बायकांनी 1980 मध्ये एनपीवाय विमेन्स कौन्सिल उभी केली. जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटी चालू होत्या आणि त्यात बायकांचं म्हणणं कुणी विचारत नव्हतं, हे त्यामागचं कारण. जांपी हा या कौन्सिलचाच उपक्रम. घरदार आणि मुलूख न सोडता बायकांना स्वतःच्या हातचे पैसे मिळावेत म्हणून तो सुरू झाला. आज 26 वस्त्यांमधल्या 400 हून जास्त बायका यात आहेत. जांपीचे कार्यकर्ते गाड्या घेऊन वस्त्यांवर जातात, तयार काम विकत घेतात, राफिया (टाके घालायचा पानांचा पट्टा), लोकर, सुया पोचवतात आणि गवत गोळा करायच्या फेऱ्या काढतात. या फेऱ्यांत नुसतं गवत कापलं जात नाही. मुंग्यांचा मध खणणं, घोरपडीसारख्या सरड्याच्या मागे जाणं, पोरींना जागांच्या कथा सांगणं हे सगळं त्याच दिवसात उरकतं.

वस्त्या एकमेकींपासून शेकडो किलोमीटर लांब आहेत आणि बरेच रस्ते कच्चे. पाऊस पडला की ते बंदही होतात. त्यामुळे 'अमुक कलाकाराची अमुक मापाची टोपली पुढच्या महिन्यात द्या' अशी ऑर्डर इथे चालेल असं समजू नका. जे समोर आहे त्यातून निवडायचं. ज्यांना एकाच रंगाच्या सहा टोपल्या ओळीने मांडायच्या आहेत त्यांच्यासाठी हे दुकान नाही.

टोपली इथे जुनी नाही

विक्रेते कधीकधी 'हजारो वर्षांची टोपली-परंपरा' अशी जाहिरात करतात. या वाळवंटापुरतं ते खरं नाही. इथल्या बायका पूर्वी लाकूड कोरून केलेल्या पिती नावाच्या खोलगट पात्रांतून पाणी आणि बिया वाहत. ते पात्र डोक्यावर ठेवायला केसांची दोरी, गवत आणि एमूची पिसं गुंडाळून चुंबळ करत. तिला मांगुरी म्हणतात. जुनं कसब या चुंबळीत आहे, केसांचा दोर वळण्यात आहे. अर्नाबेला, म्हणजे पुकाजा इथल्या मिशनमध्ये 1948 पासून बायका लोकर कातून विणकाम करत होत्या, तो हातही कामाला आला. वेटोळ्यांची टोपली मात्र 1995 मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकस्टोन, म्हणजे पापुलान्कुजा, इथल्या कार्यशाळांतून आली. बायकांनी ती उचलली आणि एका वस्तीतून दुसरीकडे नातेवाइकांमार्फत ती पसरली.

यामुळे कामाची किंमत कमी होते का? उलट. दहा वर्षांत, 2005 मध्ये, ब्लॅकस्टोनच्या बायकांनी मिळून गवताची पूर्ण आकाराची टोयोटा गाडी विणली आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी कलेचा सर्वांत मानाचा टेल्स्ट्रा पुरस्कार त्या गाडीने घेतला. 2015 च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात कलाकार फिओना हॉल यांच्या ऑस्ट्रेलियन दालनात जांपीच्या बायकांनी विणलेले प्राणी होते. वाळवंटातून नाहीसे झालेले किंवा होत चाललेले हे प्राणी गवत आणि लष्करी कपड्यांच्या कापडातून केलेले होते. 2017 मध्ये कॅनबेराच्या नॅशनल म्युझियममध्ये सात बहिणींच्या कथेवरचं मोठं प्रदर्शन झालं, त्यातही गवताच्या बाया-झाडं होत्या. सात बहिणी म्हणजे आकाशातल्या कृत्तिका. त्यांच्या मागे लागलेल्या पुरुषापासून त्या पळत सुटतात आणि त्यांच्या वाटेवर डोंगर, पाणवठे, झाडं तयार होतात. या बायकांच्या शिल्पांत ही कथा पुन्हा पुन्हा येते. शिल्प घेताना ते कुठल्या कथेचं आहे हे विचारून ठेवा. कार्डावर एक ओळ तरी असते. काही कथांचा थोडाच भाग बाहेरच्यांना सांगता येतो, तेव्हा त्याहून जास्त खोदून विचारू नये.

गवत

सगळ्यात नावाजलेलं गवत मिनारी. बारीक, लवचिक, वाळल्यावर फिकट सोनेरी. त्याच मुलखात स्पिनिफेक्सही आहे, पण ते टोचरं आणि कडक असतं, टोपलीच्या गाभ्याला, म्हणजे टाक्यांच्या आतल्या जुडीला, सोयीचं नाही. चांगलं गवत उपटून किंवा कापून मुळं, माती, वाळकी पाती झटकून काढतात आणि पेंढ्या बांधतात. ही झटकाझटक नीट झाली नसेल तर टोपलीत आयुष्यभर भुसा गळत राहतो. तपासायची रीत सोपी: पांढऱ्या कागदावर टोपली धरून हलक्या हाताने दोनदा थोपटा. चिमूटभर धूळ पडली तर ठीक, पात्यांचे तुकडे पडत राहिले तर गाभा सैल आहे.

ओलसर गवत वापरणं हा दुसरा दोष, आणि तो लगेच दिसत नाही. हिरवट गवत विणलं की पुढे वाळून आकसतं, टाके आहे तेवढेच राहतात, आणि फेरांमध्ये ढिलाई येते. टोपली दोन्ही हातांत धरून काठ हलकेच पिळा. घट्ट टोपली एकसंध हलते. सैल टोपलीत फेर एकमेकांवर सरकतात आणि कुरकुर ऐकू येते.

पाऊस चांगला झाला की गवत लांब आणि पोसलेलं मिळतं, दुष्काळात आखूड आणि ठिसूळ. आखूड गवतात गाभ्याला जास्त जोड लागतात, म्हणजे गाठी पडण्याची शक्यताही जास्त. याशिवाय बफेल गवताची कटकट आहे. गुरांसाठी आणि धूळ थांबवायला आणलेलं हे परदेशी गवत देशी गवतांची जागा खातं आणि पेटलं की फार तापतं. साउथ ऑस्ट्रेलियाने 2015 मध्ये आणि नॉर्दर्न टेरिटरीने 2024 मध्ये ते तण म्हणून जाहीर केलं. मिनारीसाठी बायकांना आता लांब जावं लागतं याचं हेही एक कारण.

टाके घालायला राफिया वापरतात. हा ताडवर्गी झाडाच्या पानांचा पट्टा, मादागास्करकडून येणारा, रंगवलेला किंवा नैसर्गिक. म्हणजे टोपलीतलं सगळंच वाळवंटातलं नसतं, आणि कुणी तसा दावा करत असेल तर त्याला हे ठाऊक नाही इतकंच. लोकर, सुतळी, एमूची पिसं, इनिंतीच्या लाल बिया हेही वापरात आहे. इनिंती हे आपल्या पांगाऱ्याच्या कुळातलं झाड. बिया गुळगुळीत आणि सुंदर असतात, पण विषारी. घरात वस्तू तोंडात घालायच्या वयाचं मूल असेल तर बिया लावलेलं काम उंचावर ठेवा.

वीण कशी असते आणि कुठे बिघडते

पद्धत वेटोळ्याची. गवताची जुडी हा गाभा, त्याची जाडी साधारण 7 ते 10 मिलिमीटर. मोठ्या नेढ्याच्या सुईत राफिया ओवतात. जुडीच्या टोकाला पहिले दोन-तीन सेंटिमीटर राफिया घट्ट गुंडाळायचा, टोक आत वळवून वेटोळं करायचं आणि मधून टाका घालून ते पक्कं करायचं. तिथून पुढे प्रत्येक टाका नव्या फेराला वेढा घालून खालच्या फेरात उतरतो. गाभा पातळ व्हायला लागला की मधोमध चार-सहा काड्या सरकवायच्या. काड्यांची टोकं एकाच जागी आली की तिथे फुगवटा येतो. राफिया संपला की नवा जोडताना दोन्ही शेपट्या गाभ्याच्या आत दाबायच्या, गाठ मारायची नाही. आतून बोट फिरवल्यावर गाठी लागल्या तर ती घाईची खूण.

आता बुडाचं गणित. गाभा 8 मिलिमीटर धरला तर प्रत्येक फेराला घेर सुमारे 5 सेंटिमीटरने वाढतो. टाक्यांतलं अंतर 5 मिलिमीटर असेल तर दर फेराला 10 टाके वाढवायला हवेत. नवखी विणकर वाढवत नाही, खालच्या टाक्याच्या वरच टाका घालत जाते. मग बाहेर जाता जाता टाके पांगतात, मधून गवत डोकावतं आणि बुडाचा भाग ढिला पडतो. याउलट टाके फार ओढले की बूड वाटीसारखं वर उचललं जातं आणि टोपली टेबलावर डुगडुगते. सपाट काचेवर ठेवून चार बाजूंनी बोटाने दाबा. किंचित डुलणं माफ, पण एका बाजूला कलंडत असेल तर ते नंतर सुधारत नाही.

बुडाच्या मधोमध छिद्र असणं हा दोष मानू नका. काहीजणी मुद्दाम ठेवतात, आणि जाड गवतात पहिलं वेटोळं त्याहून बारीक होतच नाही. छिद्राच्या कडेचे टाके घट्ट आहेत का एवढंच बघायचं.

भिंत चढवताना गाभा शेजारी न ठेवता खालच्या फेराच्या माथ्यावर ठेवतात. किती बाहेर आणि किती वर, यावर टोपलीचं पोट ठरतं. इथेच हात कळतो. चांगल्या विणकरीच्या टोपलीचं पोट एका ओघात फुगतं आणि गळ्याकडे परत येतं, मधे कुठे पायरी दिसत नाही. शेवटच्या फेरात गाभा तासल्यासारखा निमुळता करत खालच्या फेरात मिसळून टाकतात. काठावर जिथे फेर संपतो तिथे बोट अडखळलं तर निमुळतेपणा कमी पडला. हा दोष दिसण्यापुरता आहे, टिकाऊपणाला त्याने धक्का लागत नाही.

किंमत बघून डोळे विस्फारणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. बूड 20 सेंटिमीटर व्यासाचं, भिंत सरळ 12 सेंटिमीटर, गाभा 8 मिलिमीटर, टाके 5 मिलिमीटरवर. अशा मध्यम टोपलीत तेरा मीटरच्या वर गाभा जातो आणि सुमारे 2,700 टाके पडतात. गवत आणणं, निवडणं, झटकणं वेगळंच. टाके 3 मिलिमीटरवर घेतले तर तीच टोपली साडेचार हजार टाक्यांच्या आसपास जाते. म्हणून एकाच मापाच्या दोन टोपल्यांच्या किमतीत मोठा फरक दिसला तर आधी सेंटिमीटरमधले टाके मोजा, मग महाग की स्वस्त ते ठरवा.

रंगाबद्दल एक मत

सगळी टोपली रंगीत राफियाने झाकलेली असेल तर ती फोटोत भडक आणि सुंदर दिसते, पण त्यात गवत दिसतच नाही. आमची पसंती टाक्यांमधून गवत दिसणाऱ्या टोपल्यांना आहे. त्यात चुका झाकता येत नाहीत, आणि वर्षं गेली की गवताचा रंग मधाळ होत जातो. रंगवलेला राफिया मात्र उजेडात फिकट होतो, त्यातही गुलाबी आणि जांभळ्या छटा आधी उतरतात. अर्थात लोकरीच्या जाड दोऱ्यांनी बेधडक रंग एकत्र आणणाऱ्या काही कलाकारांचं काम बघितलं की हे मत बाजूला ठेवावंसं वाटतं.

शिल्पं

कुत्री, सरडे, पक्षी, उंट, बाया, कधी गाडी. खरी मजा इथे आहे. वाळवंटी वस्तीत कुत्रा हा घरचाच माणूस, आणि बायकांनी केलेल्या कुत्र्यांत प्रत्येकाचा स्वभाव उतरलेला असतो. एखादा कान पाडून बसलेला, एखादा चोरून काहीतरी खाऊन आलेला. कारखान्यातल्या साच्यातून हे निघत नाही.

लहान शिल्पात गवताची घट्ट जुडी सुतळीने आवळून धड करतात, पाय आणि मान वेगळ्या जुड्यांच्या करून शिवतात, आणि वरून राफिया किंवा लोकर गुंडाळतात. मोठ्या कामात आत तारेची जाळी किंवा सळई असते. कमजोर जागा ठरलेल्या: मान आणि पायांचे सांधे. डोकं दोन बोटांत धरून अगदी हलकं हलवा. सगळं धड बरोबर हललं तर सांधा पक्का. डोकं एकटंच हललं तर आत शिवण कमी आहे. चार पायांच्या प्राण्याला आधी सपाट जागी उभं करा. एक पाय हवेत राहिला तर तारेच्या शिल्पात तो किंचित वाकवून जमवता येतो, नुसत्या गवताच्या शिल्पात नाही. मग पायाखाली ॲक्रिलिकची पातळ चकती ठेवा, पण पाय दाबून वाकवायला जाऊ नका, आतल्या काड्या मोडतात.

तार असलेल्या शिल्पाला दमट हवा सोसत नाही. तार गंजली की तपकिरी डाग लोकरीतून वर येतो आणि तो निघत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात राहणाऱ्यांनी आत कुठली तार आहे हे विकत घेण्याआधी विचारावं. गॅल्व्हनाइज्ड असेल तर धोका कमी.

भिंतीवर टांगायचे पक्षी आणि बाया येतात, त्यांना मागे लूप असतो. तो लूप वरवरच्या लोकरीत अडकवलेला नसून आतल्या जुडीला बांधलेला आहे ना, ते बघा. लोकरीतला लूप वजनाने ताणला जातो आणि मागचे वेढे सुटत जातात.

कुठून घ्यायचं, कागद कुठले मागायचे

लहान टोपल्या साधारण शेकड्यांत, मोठी शिल्पं हजारो ऑस्ट्रेलियन डॉलरांत. कलाकाराचं नाव, तिची वस्ती, साहित्य, वर्ष आणि कामाचा क्रमांक एवढी नोंद प्रत्येक वस्तूबरोबर हवी. ती नसेल तर स्वस्तातही घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशन या सरकारी सल्लागार संस्थेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे आदिवासी शैलीच्या स्मरणवस्तूंवर होणाऱ्या खर्चातला निम्म्याहून बराच जास्त खर्च बनावट मालावर जातो. 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने इंडोनेशियात बनवलेल्या वस्तू आदिवासींच्या हातच्या म्हणून विकणाऱ्या एका कंपनीला 23 लाख डॉलरचा दंड केला होता. त्या प्रकरणात बूमरँग, डिजेरिडू असा माल होता. 'आदिवासी शैलीची' असं लिहिलेल्या बिननावाच्या टोपलीचीही हीच गत समजा.

प्रत्यक्ष जाणार असाल तर सप्टेंबरच्या आसपास ॲलिस स्प्रिंग्जच्या अरालुएन आर्ट्स सेंटरमध्ये डेझर्ट मॉब भरतं. वाळवंटातल्या कला केंद्रांचं हे वार्षिक प्रदर्शन 1991 पासून चालू आहे, आणि त्याच्या जोडीला बाजार असतो. एकाच जागी पाच-पन्नास टोपल्या उलट्या करून बघायची संधी दुसरीकडे मिळणं अवघड. हवामानही बरं असतं. डिसेंबर-जानेवारीत पारा 40 च्या वर जातो. परस्पर वस्तीवर जाऊन खरेदी करू असं ठरवत असाल तर आधी प्रवेश परवाना लागतो. आनंगू (पिजान्जाजारा-यान्कुन्जाजारा लोकांच्या) आणि ङान्याजारा जमिनींवर तो असल्याशिवाय शिरता येत नाही, आणि 'टोपली घ्यायची आहे' हे परवान्यासाठी पुरेसं कारण धरलं जाईलच असं नाही. गॅलरी आहे, तिथूनच घ्या.

परदेशी पाहुण्यांना 10 टक्के जीएसटी परत मिळू शकतो. अट अशी की एकाच विक्रेत्याकडे एकूण 300 डॉलर किंवा जास्त खर्च केलेला हवा, जीएसटी दाखवणारं बिल हवं आणि खरेदी निघण्याच्या आधीच्या 60 दिवसांतली हवी. वस्तू विमानतळावर दाखवावी लागू शकते, त्यामुळे ती चेक-इन सामानाच्या तळाशी गाडू नका.

पाठवणी: इथे खिसा कापला जातो

टोपली वजनाने हलकी असते, पण कुरियर जागेचे पैसे घेतं. हवाई कुरियरचा नेहमीचा हिशेब म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागायचं. 40 × 40 × 30 च्या खोक्याचं 'वजन' यातून 9.6 किलो निघतं, आत टोपली अर्धा किलोची का असेना. म्हणून ऑर्डर देण्याआधी खोक्याचं माप विचारा. दोन टोपल्या एकीत एक बसत असतील तर मधे टिश्यू घालून एकत्र पाठवायला सांगा, भाडं जवळपास एकाच टोपलीचं लागतं. शिल्पांना मात्र ही युक्ती लावू नका, कान आणि शेपट्या मोडतात.

कागदपत्रांचं दुसरं टोक जास्त नाजूक आहे. वाळलेलं गवत, बिया आणि पिसं या तिन्ही गोष्टींवर अनेक देशांच्या क्वारंटाइनची नजर असते, बियांवर सगळ्यात जास्त. एमूची पिसं असलेलं काम ऑस्ट्रेलियाबाहेर पाठवताना तिथल्या 1999 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातले वन्यजीव निर्यातीचे नियम लागू होऊ शकतात. परवाना लागतो की नाही हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि पैसे त्यानंतर भरा. पिसं आणि बिया नसलेली, फक्त गवत-राफियाची टोपली सर्वांत कमी कटकटीची. परदेशी पाठवणीसाठी पहिली खरेदी तीच करावी.

घरी आल्यावर

खोकं उघडल्या उघडल्या वस्तू कपाटात ठेवू नका. किडीचा संशय असेल, म्हणजे बारीक पिठूळ भुसा किंवा छिद्रं दिसली, तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून सीलबंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर किंवा त्याहून खाली दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास बंदच राहू द्या. लगेच उघडली तर गार गवतावर दव धरतं आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. लोकर आणि पिसं असलेल्या शिल्पांवर कसरीचा डोळा असतो, त्यांना हे वर्षातून एकदा केलं तरी चालेल. आत तार असेल तर बाहेर काढल्यावरची काळजी दुप्पट घ्या.

धूळ मऊ रुंद ब्रशने झटकायची. व्हॅक्यूम वापरायचाच असेल तर तोंडावर जाळीचं कापड बांधा आणि ओढ सगळ्यात कमी ठेवा. ओलं फडकं, साबण, फर्निचर पॉलिश यांपैकी काहीही नको. चेपलेली टोपली सरळ करायची तर पाण्याचा फवारा हवेत मारून त्या धुक्यातून ती दोनदा फिरवा, आत टिश्यू पेपरचे गोळे भरा आणि दोन दिवस सावलीत राहू द्या. रंगवलेल्या राफियाच्या टोपलीवर आधी बुडाच्या एका टाक्याला ओलसर पांढरा कापूस लावून रंग सुटतो का ते बघायचं.

खिडकीचं थेट ऊन आणि एसीचा झोत दोन्ही टाळा. एक रंग उडवतो, दुसरा गवत ठिसूळ करतो. टोपलीत फळं ठेवायला हरकत नाही असं काहीजण सांगतात. आमचं म्हणणं, ठेवू नका. एक पिकलेलं फळ गळलं की तो डाग आणि मागून येणाऱ्या मुंग्या दोन्ही कायमच्या. चाव्या, लोकरीचे गुंडे, कागद चालतात. उचलताना काठ धरून नाही, दोन्ही हात बुडाखाली घालून.

वस्तूबरोबर आलेलं नावाचं कार्ड गोंदाने चिकटवू नका, टेप तर मुळीच नाही. सुती दोऱ्याने बुडाच्या आतल्या बाजूला सैल बांधा आणि कार्डाचा फोटो बिलाबरोबर वेगळा जपून ठेवा. पुढे ऑस्ट्रेलियात कला व्यापाऱ्यामार्फत पुनर्विक्री झाली आणि किंमत 1,000 डॉलर किंवा त्याहून जास्त असली, तर जून 2010 पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे 5 टक्के रक्कम कलाकाराला किंवा तिच्या वारसांना देय होऊ शकते, आणि ती कुणाला द्यायची हे त्या कार्डावरच्या नावावरून ठरतं.